शामालची निरोपाची तबकडी

बिश्केक
९ ऑक्टोबर २०२३

कुबात आके,

सलाम, थोरल्या भावा. तू फोन उचलत नाहीस, निरोप पाठवले तर वाचून सोडून देतोस, म्हणून शेवटी कागद घेतला. तोसोरच्या मिनिबसचा ड्रायव्हर असानकूल हे पाकीट तुझ्याच हातात देणार आहे. घेतलं नाहीस तर अंगणात टाकून ये, असं मी त्याला सांगितलंय.

बातमी चांगली आहे. ओश बाजारामागे तिलेक नावाच्या माणसानं स्टुडिओ काढलाय. त्याचा बाप म्हणे आपल्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत असायचा, आणि घरी येऊन बायकोची बोलणी खायचा. त्या बापाच्या आठवणीसाठी तिलेक आपल्या बँडची, 'शामाल'ची, तबकडी काढायला तयार आहे. नवी तबकडी, आणि शेवटची. पुन्हा 'एकदाच, मित्रांच्या आग्रहाखातर' असलं काही करायचं नाही. रीतसर निरोप घ्यायचा आणि घरी जायचं.

मेलिसनं दोन्ही गुडघे नवे बसवून घेतलेत. पायाचा ढोल आता पूर्वीपेक्षा बरा वाजतो असं तो म्हणतो. मला तसं वाटत नाही, पण बोललो नाही. अजून काठ्या त्याच्याच हातात आहेत. युरा ओम्स्कहून निघालाय. कीबोर्ड इथलाच वापरीन म्हणाला, फक्त खुर्चीला पाठ हवी. माझं डाव्या हाताचं मधलं बोट सकाळी दहापर्यंत वाकत नाही. तेव्हा बघ, आत्ता नाही तर कधीच नाही.

आठ चाली तयार आहेत. शब्द तुझे हवेत. आणि गळा तर तुझाच, त्यात विचारायचं काय. एकीचं नाव आम्ही ठेवून टाकलंय, 'तळ हलला'. तंबू उतरवून, उंटांवर लादून लोक खाली निघतात, मागे चुलीचे काळे दगड राहतात, तसं काहीतरी. पुढचं तू लिही.

बुरुल जेनेंना, आमच्या वहिनींना, सलाम. त्या फोनवर सांगतात, तू घोड्या घेऊन कुरणावर गेलायस. ऑक्टोबरात कुरणावर कोण असतं? तिथं आता लांडगासुद्धा नसेल. तू माझ्यावर कशावरून तरी रागावलायस, असं मी धरून चाललोय. काय ते लिही, म्हणजे नीट भांडता येईल.

तुझा
सागिन


तोसोर
२१ ऑक्टोबर २०२३

लांबबोट्या,

हे पत्र मी शाळेच्या वाचनालयात बसून लिहितेय. निवृत्त झाले तरी इथे मला कुणी हटकत नाही. घरी बसून लिहिलं असतं तर ह्यांनी पाहिलं असतं.

तुझ्या आकेनं तुझ्यावर राग धरलेला नाही. ते कुरणावरही नव्हते. खोटं मी बोलले, त्यांनी बोलायला लावलं म्हणून.

मागच्या हिवाळ्यात त्यांचा आवाज बसला. थंडीनं असेल म्हणत महिना घालवला. मग मी हट्टानं अल्माटीला लेकीकडे नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गळ्यात गाठ सांगितली. फेब्रुवारीत गाठ काढली, आणि तिच्याबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागली. आता श्वास गळ्याला केलेल्या भोकातून चालतो. घाबरू नकोस, माणूस बरा आहे. खातो, लाकडं फोडतो, माझ्यावर डोळे वटारतो. फक्त आवाज नाही. कुजबूजसुद्धा नाही.

डॉक्टरांनी एक यंत्र दिलंय, गळ्याला टेकवलं की बोलतं. ह्यांनी ते एकदा लावलं आणि 'चहा' म्हणाले. अंगणातलं वासरू दावं तोडून पळालं. तेव्हापासून ते यंत्र पेटीत आहे, आणि बोलणं नातीच्या पाटीवर.

तुझं पत्र त्यांनी आधी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. घडी घालून उशीखाली ठेवलं आणि बाहेर जाऊन खूप लाकडं फोडली. एवढी लाकडं आम्हाला दोन हिवाळे पुरतील. मग आत येऊन पाटीवर लिहिलं, 'नाही म्हणून कळव. कारण सांगू नकोस.'

मी कारण सांगितलं. कारण तू रागाचं धरून बसला असतास, आणि मला ते बघवलं नसतं.

तुम्ही थांबू नका. दुसरा कुणी गाणारा बघा. पण मी तुला हे कळवलं, हे त्यांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. त्यांना वाटतं, जोवर बिश्केकला माहीत नाही तोवर तिथं ते अजून गातायत. उत्तर असानकूलजवळ दे. तो बसथांब्यावरच्या दुकानात ठेवेल.

तुझी जेने
बुरुल


बिश्केक
२ नोव्हेंबर २०२३

बुरुल जेने,

तुमचं पत्र वाचलं आणि मी बाजारात गेलो. काहीही न घेता परत आलो. बायकोनं विचारलं, बटाटे कुठायत? मी म्हटलं, कुठले बटाटे?

मेलिस आणि युराला मी सांगितलं. मला माफ करा, पण त्यांच्यासमोर बसून गिटार जुळवत राहणं मला जमलं नसतं. मेलिसनं ऐकलं, काठ्या ढोलावर आडव्या ठेवल्या आणि म्हणाला, "मग मी ठोकू कुणाच्या मागे?" युरा उठून खिडकीशी गेला आणि बाहेरचे ट्रक मोजत राहिला.

तिलेकला कुबात आके फक्त फितींवरून ठाऊक आहे. म्हणून मी त्याला अत-बाशीची गोष्ट सांगितली. मेंढ्यांची लोकर कातरायचे दिवस होते आणि मोठ्या गोठ्यात कार्यक्रम होता. दुसऱ्याच गाण्याला वीज गेली. आमची सगळी यंत्रं मेली. मी लाकूड धरून उभा, युरा मुक्या पट्ट्यांवर हात ठेवून बसलेला. आके मात्र पुढे गेला, लोकरीच्या गाठोड्यावर चढला आणि नुसत्या गळ्यानं गायला लागला. मेलिसनं दुधाचा कॅन उलटा केला. कातरणारे लोक मेंढ्या मांडीत धरून ऐकत होते आणि मेंढ्याही गप्प होत्या. वीज आली तेव्हा कुणीतरी ओरडून सांगितलं, बंद करा ते दिवे. मी त्याच्यापेक्षा मोठे आवाज ऐकलेत, जेने. पण इतका निर्धास्त आवाज ऐकला नाही. आपण गाऊ आणि लोक ऐकतील, यात त्याला कधी शंकाच आली नाही.

तिलेक हे सगळं ऐकून मला म्हणाला, "आके, आवाज गेला कुठे? माझ्या कपाटात आहे की." जुन्या फिती कॉम्प्युटरला ऐकवायच्या, मग नवे शब्द द्यायचे, ते यंत्र कुबातच्या आवाजात गातं. मी हसलो. पण दोन दिवसांनी त्यानं एक कडवं करून आणलं. जेने, तो कुबातच होता. तिशीतला, मिशा नुकत्या वाढवलेला. युरा रडला. मेलिसनं आपसूक ताल धरला.

पेन ड्राइव्ह पाठवतोय. आधी तुम्ही एकट्यानं ऐका. तुम्हाला बरं वाटलं तर त्याला ऐकवा. कदाचित त्यालाही आनंद होईल. आवाज परत मिळाल्यासारखं होईल. तुम्ही हो म्हणालात तर पुढे जाऊ.

तुमचा दीर
सागिन


तोसोर
१९ नोव्हेंबर २०२३

लांबबोट्या,

ऐक, काय झालं ते.

ते पाण्याचा हौद साफ करायला गेले होते. मी स्वयंपाकघरात, लेकीनं दिलेल्या त्या छोट्या स्पीकरला तुझा पेन ड्राइव्ह लावला. आवाज लहान ठेवला होता. पण पहिल्या ओळीलाच माझे हात पिठात तसेच राहिले. लग्नाआधी क्लबाच्या पायऱ्यांवर ऐकला होता, तो आवाज. मी मोठा केला. का केला ते विचारू नकोस.

कडवं संपलं आणि मागे वळले तर हे दारात उभे. गमबुटांना चिखल. त्यांनी खूण केली, पुन्हा लाव. मी लावलं. मला वाटलं पाटी फेकतील, किंवा रडतील. दोन्ही नाही. तपासायला आलेल्या मास्तरासारखं मान तिरकी करून ऐकलं. मग बूट पुसले, आत आले, पाटी घेतली आणि लिहिलं:

'कोण हा? चांगला गातो.'

मग पुसून पुन्हा लिहिलं:

'पण श्वास कुठे घेतो?'

मी परत ऐकलं, सागिन. खरंच, तो कुठेच श्वास घेत नाही. तुझा आके ओळ उचलायच्या आधी नाकानं हवा ओढायचा, पहिल्या रांगेला ऐकू जायचं. मी वैतागायचे, म्हणायचे घोडा पाणी पितोय असं वाटतं. ते तिथं नव्हतं.

मग ते सरोवराकडे निघून गेले. जेवायच्या वेळी परत आले. तोवर मी स्वतःला काय काय बोलून घेतलं ते मला ठाऊक. आल्यावर त्यांनी पाटीवर नाही, कागदावर लिहून माझ्या हातात दिलं. तसंच उतरवते:

'सागिनला सांग, तो पोरगा मला नको. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि माझा आवाज संपला. संपू दे. शब्दांवाचून करा. आपले कोमुजवाले म्हातारे तीन तारांवर अख्खी लढाई सांगायचे, एक अक्षर न उच्चारता. तुझ्याकडे सहा तारा आहेत, शिवाय वीज. लाज बाळग.'

शेवटचे दोन शब्द लिहिताना ते हसत होते. आवाज नसला तरी खांदे हलतात ना, त्यावरून कळतं.

म्हणजे आपलं लिहिणं त्यांना कळलं. त्यावर त्यांनी पाटीवर एवढंच लिहिलं, 'वाचनालयात थंडी असते, घरी बसून लिहीत जा.'

बुरुल


बिश्केक
२८ डिसेंबर २०२३

कुबात आके,

आता उघड उघड तुलाच लिहितो.

तुझा कागद मेलिसनं स्टुडिओत उभा राहून वाचला. 'लाज बाळग' त्यानं दोनदा वाचलं, माझ्याकडे बघून. तिलेकनं ते कडवं आमच्यासमोर पुसून टाकलं. त्याला वाईट वाटलं, पण तो शहाणा माणूस आहे. त्यानं विचारलं, "शब्द नाहीत, मग लोक ऐकतील?" युरानं त्याला उत्तर दिलं, "माझी आजी सैबेरियात कॅथलिक चर्चमध्ये लॅटिन ऐकायची. एक शब्द कळायचा नाही. एक रविवार चुकवला नाही."

पहिले दोन आठवडे वाईट गेले. तू जिथं गायचास तिथं मी गिटार घातली. तुझ्यासारख्या हरकती, तुझ्यासारखं ओळीच्या शेवटी लांबवणं. मला वाटलं, छान जमतंय. मेलिस मधेच थांबला. "सागिन, तू कुबात व्हायला जातोयस. गिटार हो." मी चिडलो. म्हटलं, तू ढोल हो आधी. दोन दिवस आम्ही बोललो नाही. चहा युरा इकडून तिकडे पोचवत होता.

तिसऱ्या दिवशी मी गाण्याची जागा मोकळी सोडून वाजवलं. काही भरलं नाही. आणि मग, आके, मला पहिल्यांदा कळलं की तू गात असताना युरा मागे काय वाजवायचा. इतकी वर्षं तो माझ्या उजव्या हाताला बसून हे वाजवत होता आणि मी ऐकलंच नव्हतं. तुझा आवाज असा होता की त्याच्यामागे डोंगरसुद्धा दिसला नसता. त्या ठिकाणी ढोल किती हलका होता! मेलिस, ज्याला आपण दगडफोड्या म्हणतो, तो तिथं काठीनं नाही, बोटांच्या पेरांनी वाजवतो. सांगितलं तर म्हणाला, "आधीपासून तसंच वाजवतो. तुम्ही दोघं पुढे उभे राहायचात, पाठ करून."

सात धुना झाल्या. स्वतःच्या कामाबद्दल मी कधी असं लिहिलं नाही, पण लिहितो: आपण इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतं. तीन म्हातारे, एकाचं बोट वाकत नाही, एकाला पायऱ्या चढवत नाहीत, एकाला बाराला झोप लागते. पण घाई कुणालाच नाही.

आठवी अडलीय. 'तळ हलला'. सुरुवात आहे, शेवट आहे, मध्यावर काहीच बसत नाही. गिटार घातली तर रडकी वाटते. युरा घालतो तर लग्नातली वाटते. मोकळं सोडलं तर नुसतं मोकळंच राहतं. सातही धुना आणि ही अर्धी, सगळं पाठवतोय. नुसतं ऐक. निकाल दे.

सागिन


तोसोर
३० जानेवारी २०२४

लांबबोट्या,

पेन ड्राइव्ह पोचला. सगळं ऐकलं. सातव्या धुनेला ह्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोप लागली. मेलिसचा शेवटचा ठोका पडल्यावर पाटी मागितली आणि लिहिलं, 'हे माझ्याशिवाय बरे आहेत. हरामखोर.' ही त्यांची शाबासकी आहे, तुला ठाऊकच आहे.

आता एक काम. 'तळ हलला' पुन्हा पाठव. मधला भाग दुप्पट लांब कर आणि सगळं गाणं अर्ध्या सुरानं खाली घे. असं त्यांनी लिहून दिलंय. का ते त्यांनी सांगू दिलेलं नाही.

इथं बर्फ गुडघाभर. गाय बरी आहे.

बुरुल


बिश्केक
१२ फेब्रुवारी २०२४

जेने,

पाठवलं आहे. दुप्पट लांब, अर्ध्या सुरानं खाली.

मला कारण कळलं. सूर खाली घ्यायला सांगितला, म्हणजे आकेनं त्या जागेसाठी दुसरा कुणी गाणारा बघितलाय, ज्याचा गळा त्याच्याहून जड आहे. मेलिसही तेच म्हणाला. बोकोनबायेवोला एक पोरगा लग्नांत गातो, त्याचं नाव आम्ही ऐकलंय. तो असेल तर येऊ दे. आकेची निवड आम्हाला मान्य आहे. फक्त खरं सांगू? मेलिसनं दिवसभर काठ्यांना हात लावला नाही. मलाही वाटलं होतं की ती जागा निदान कुणी घेणार नाही.

पण निर्णय त्याचा. पोराला सांगा, आधी फोन कर, वाहन पाठवतो.

सागिन


तोसोर
३ मार्च २०२४

अरे मूर्खा,

तुझं पत्र ह्यांना दाखवलं. खांदे इतके हलले की मला त्यांच्या गळ्याची पट्टी सरळ करावी लागली. बोकोनबायेवोच्या पोराला सुखानं लग्नांत गाऊ दे. आता सगळं सांगायची परवानगी मिळालीय, तर ऐक.

तुला आमचं तेमिर कोमुज माहीत आहे. बोटाएवढं वाकवलेलं लोखंड, दातांशी धरायचं आणि मधली पाती बोटानं छेडायची. आमच्या आया-आज्या गाई राखताना वाजवायच्या. तुम्ही वीजवाले त्याला वाद्य म्हणत नाही, 'बायांचं झुंईझुंई' म्हणता. हिवाळ्यात मी विणून कंटाळले की थोडं वाजवते. नोव्हेंबरात, तो कॉम्प्युटरमधला पोरगा गाऊन गेल्यावर, एका दुपारी मी चुलीशी बसून वाजवत होते. हे बघत होते. एकदम उठले आणि माझ्या हातातून ओढून घेतलं.

पहिल्या दिवशी ओठ फाटला. दुसऱ्या दिवशी पुढच्या दाताचा टवका उडाला. मी म्हटलं, या वयात हे काय, द्या इकडे. नाही दिलं. कारण त्यांच्या लक्षात आलं होतं ते माझ्या आलं नव्हतं. या लोखंडाला गळा लागत नाही, सागिन. आवाज त्याचा तेच आणतं. माणसानं फक्त तोंड द्यायचं. जीभ मागे घेतली की 'ओ', ओठ ताणले की 'ए', ओठ मिटले की गप्प. गाताना तोंड जे करतं, तेच सगळं. आणि तोंड त्यांचं शाबूत आहे. पन्नास वर्षं गाणं कमावलेलं तोंड.

मी शाळेत लहान पोरांना अक्षरं शिकवली, तशी त्यांना ती शिकवली. मी म्हणायचे 'आ', ते वाजवायचे. शिव्या तेवढ्या लवकर जमल्या.

डिसेंबर संपता संपता एक दिवस मी अंगणात दूध काढत होते. आतून ते वाजवत होते. दोन तुटक झंकार आले. पुन्हा आले. मी बादली सोडून आत गेले, म्हटलं, काय झालं? ते माझ्याकडे बघून परत तेच दोन झंकार वाजवतात. 'बु... रुल.' लग्न झाल्यापासून या माणसानं मला 'ए' आणि 'ऐकलंस का' याखेरीज हाक मारली नव्हती. गावाच्या रीतीनं मी त्यांचं नाव घेत नाही आणि त्यांनी माझं घेतलं नाही. लोखंडाला रीत कुठली?

तर या लोखंडाला एकच सूर असतो, तो बदलता येत नाही. म्हणून गाणं त्याच्यापर्यंत खाली आणायचं होतं. कळलं?

वसंतातला नोरूजचा सण झाल्यावर ते येतील. मला निघता येणार नाही, गाय व्यायला झालीय. असानकूलशेजारी पुढच्या जागेवर बसवून देईन. गळ्यावरचा रुमाल ओला ठेवायचा आणि धुरात बसवायचं नाही. मेलिसला सांग, मिठी मारताना गळ्याला लागेल अशी मारू नकोस.

बुरुल


बिश्केक
६ एप्रिल २०२४

जेने,

तुमचा माणूस आज सकाळी असानकूलबरोबर परत पाठवला. रुमाल ओला होता. धुरात बसवला नाही. तुम्ही इथे नव्हता, म्हणून जे झालं ते नीट लिहितो.

तो स्टुडिओत आला तेव्हा आम्ही तिघं रांगेत उभे होतो, शाळेत तपासनीस येतात तसे. मेलिसनं मिठी मारली ती कमरेला. वाकून. त्याचे नवे गुडघे कुरकुरले. युरानं विचारलं, "आके, चहा?" आणि आकेनं खिशातून ते यंत्र काढलं, तुमचं पेटीतलं, गळ्याला लावलं आणि म्हणाला, "चहा." तो आवाज ऐकून तिलेकच्या हातातली वायर पडली. आम्ही हसत सुटलो, तो पण. तिथून पुढे सगळं सोपं झालं.

तिलेकनं मायक्रोफोन त्याच्या ओठांजवळ आणला. वाजवायला सुरुवात केली. तीन वेळा बिघडलं. एकदा लोखंड दातावर आपटलं, एकदा माझी चूक. तिसऱ्यांदा आकेनं हात वर करून थांबवलं आणि पाटीवर लिहिलं, 'मेलिस घाई करतो.'

मेलिसनं वाचलं. "आयुष्यभर हेच ऐकलं," तो म्हणाला. "आवाज गेला, तक्रार नाही गेली."

'कारण घाई नाही गेली.'

"तू उशीर करतोस."

'मी भाव आणतो.'

तिलेक बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, बाबा, काळजी करू नकोस, आता बरोबर होईल. हे दोघं भांडल्याशिवाय आमचं एकही गाणं कधी झालेलं नाही.

आणि चौथ्यांदा झालं. सुरुवातीचा भाग आम्ही नेहमीसारखा वाजवला. मग मेलिस पेरांवर आला, युरानं एक सूर धरून ठेवला, मी हात तारांवरून उचलला. त्या मोकळ्या जागेत ते लोखंड बोलायला लागलं. मी तुम्हाला कसं सांगू? गाणं नव्हतं आणि वाद्यही नव्हतं. दूरच्या तंबूत कुणीतरी बोलतंय, शब्द कळत नाहीत पण कोण बोलतंय ते कळतं, तसं. ओळीच्या शेवटी त्याचं ते लांबवणं. आणि प्रत्येक ओळीआधी तो थांबायचा, गळ्याच्या पट्टीमागून हवा आत जायची. मायक्रोफोननं ती पकडली. तिलेकनं नंतर विचारलं, तेवढी साफ करू का? आम्ही चौघांनी एकदम नाही म्हटलं. म्हणजे तिघांनी म्हटलं आणि एकानं पाटी आपटली.

संपल्यावर तिलेक म्हणाला, सावधगिरी म्हणून आणखी एकदा घेऊ. मेलिसनं काठ्या पिशवीत घातल्या. "झालं," तो म्हणाला. "चांगलं झालं. घरी जाऊ."

मी आयुष्यभर कुबातच्या शेजारी उभा राहिलो, जेने. त्याच्या गळ्याचा मला हेवा वाटायचा. देवानं दिलाय, त्यात त्याचं काय, असं मनात म्हणायचो. आता देवानं दिलेलं काढून घेतल्यावर उरला तो माणूस मी पाहिला. टवका गेलेला दात, फाटलेला ओठ, आणि चुलीशी बसून सत्तरीपुढे 'आ' पासून शिकलेलं गाणं. त्याच्यासमोर टोपी काढावी असा माणूस. मी टोपी काढली तर त्यानं लिहिलं, 'टक्कल झाक. तिलेक घाबरेल.'

तबकडी ऑगस्टात येईल. कव्हरवर मोठ्या अक्षरात 'निरोप' असं छापायचं ठरलंय.

तुमचा दीर
सागिन


तोसोर
२ सप्टेंबर २०२४

सागिन,

हे मी लिहितोय. बुरुल जर्दाळू वाळत घालतेय, तिला उसंत नाही.

तबकडी पोचली. तू म्हणालास, लोक ऐकतायत, बिश्केकच्या रेडिओवर लागते, पोरं विचारतात ते लोखंडाचं काय आहे. बरं वाटलं. इथं काय झालं ते सांगतो. असानकूलनं दुकानात सांगितलं की कुबातनं निरोप घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या आळीतल्या सहा म्हाताऱ्या पांढरे रुमाल बांधून, मयताला करतात ते पिठाचे बोरसोक तळून, दारात रडत उभ्या. मी दार उघडलं. एक जण खालीच बसली. मग तळलेलं वाया जायला नको म्हणून आत बोलावून चहा दिला आणि तबकडी लावली. सगळ्या ऐकून झाल्यावर त्यातली सगळ्यात म्हातारी म्हणाली, "गिटारवाला जरा जास्त करतो. मधलं बाईनं वाजवलंय ना? ते चांगलंय." मी मान हलवली. हो, बाईनंच.

तू पत्रात विचारलंयस, मी मधल्या जागेत काय शब्द म्हणतोय. मेलिसला वाटतं मी त्याला शिव्या देतोय. त्याला तसंच वाटू दे. शब्द होते. पहिल्यांदा मी लिहिले आणि कुणाला न दाखवता चुलीत घातले. लोखंडावर ते आले तेवढे आले. प्रत्येकाला वेगळे ऐकू येतात, याचं मला वाईट वाटत नाही. आधी मी गायचो तेव्हा सगळ्यांना एकच ऐकू यायचं.

तू असंही विचारतोस, आता पुढे काय. तबकडी झाली, निरोप झाला, मेलिस घरी बसून भिंती वाजवतो, त्याची बायको कावलीय. मला उत्तर ठाऊक नाही. तुला फक्त कालचं सांगतो.

काल संध्याकाळी जेवणं झाल्यावर बुरुल म्हणाली, 'तळ हलला' वाजवा. मी नकाराची मान हलवली, थकलोय. ती म्हणाली, बिश्केकला वाजवता, मला नाही होय? मग वाजवलं. मध्यावर आलो. मोकळी जागा. आणि ती गायला लागली. हातातलं ताट न ठेवता, उभ्यानं. मी जाळलेले शब्द. मी ते चुलीत टाकायच्या आधी तिनं वाचले होते म्हणे, पाठ करून ठेवले होते.

सागिन, या बाईबरोबर मी एवढा संसार केला. तिनं माझी हजारो गाणी ऐकली. तिला गाता येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं. घरात गाणारा एक होता ना. साधा आवाज आहे. अंगणापलीकडे जाणार नाही. मी लोखंड हलकं केलं, मेलिस पेरांवर येतो तसा आलो, आणि तिच्या मागे मागे गेलो. पुढे उभं राहण्यापेक्षा हे अवघड आहे. तुम्हा तिघांना मी हे कधी म्हटलं नाही, आज म्हणतो.

शेवटच्या कडव्यात तिचा सूर जरा उतरला. मी पाटीला हात लावला नाही.

तुझा
कुबात